रिकाम्या हातांनी न गाणारा

एका माणसाचा मला आजही हेवा वाटतो आणि तो कमी व्हावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. वेम्बलीच्या आमच्या घरात तो माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचा. आर्मेनियाचा होता. दिवसा ईलिंग रोडवर एका ड्रायक्लीनरकडे इस्त्री करायचा आणि उरलेल्या वेळात गायचा. आपल्या देशाची लोकगीतं गायचा. ती अशी गायचा की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं. नाही, चुकलं. ऐकणाऱ्याने हातातलं काम आणखी जोमाने करावं. त्याची सगळी करामत तीच होती आणि माझं सगळं दुःखही तेच.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण जळणारा कोण होता हे कळल्याशिवाय जळफळाटाला काही अर्थ नाही. मीही गातो. पुण्यात रीतसर शिकलो, परीक्षा दिल्या, मग नोकरीपायी इकडे आलो. नोकरी कौन्सिलच्या पार्किंग विभागात. दंड माफ करा म्हणून लोक अर्ज करतात, ते वाचून त्यांना सभ्य इंग्रजीत नकार कळवायचा. पण लंडनच्या आसपासच्या मराठी मंडळांत मला ओळखतात ते भैरवीसाठी. कार्यक्रम कुणाचाही असो, शेवट माझ्या भैरवीने. भैरवी झाली की मैफल संपली, त्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

आमची ही मला मिळाली तीसुद्धा गाण्यामुळेच. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी स्वतः चाल लावलेलं एक गाणं म्हटलं होतं. ओळी एका मित्राच्या होत्या. "हाक दे ना एकदा, मी वाट सोडून येईन", असं काहीतरी त्या वयाला शोभणारं. ही पुढच्या रांगेत बसली होती. लग्नानंतरही कितीतरी वर्षं रात्रीची जेवणं झाली की ती म्हणायची, "म्हणा ना." तेवढंच दोन शब्दांत. मग कधीतरी ते थांबलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं थांबलं. मी मात्र जेवण झाल्यावर उगाच टेबलाशी रेंगाळायचो. बडीशेप दोनदा खायचो.

अशा दिवसांत मुलगा शिकायला मँचेस्टरला गेला आणि माळ्यावरची खोली रिकामी झाली. ही म्हणाली, "रिकामी खोली खायला उठते, कुणीतरी ठेवू या." मी एका कार्डावर मजकूर लिहून ड्रायक्लीनरच्या काचेवर लावून आलो. त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात एक आडव्या अंगाचा माणूस उभा, मिशा पांढऱ्या, भुवया काळ्या, आणि हातात माझंच कार्ड. काचेवरून काढून आणलं होतं.

"कार्ड का काढलंत?" मी विचारलं.

"दुसरं कुणी येऊ नये म्हणून," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण अर्थाला कुठे धक्का लागत नसे. इथे मी ते मराठीत सांगतोय, त्यामुळे आहे त्यापेक्षा बरं वाटेल. हा त्याला माझ्याकडून मिळालेला आणखी एक फायदा.

आल्या आल्या त्याने मला "वार्पेत" म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या भाषेत वार्पेत म्हणजे उस्ताद. मी हिला म्हटलं, बघ, परक्या माणसालाही चेहरा पाहून कळतं. पुढे एकदा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, तर हा जिन्यावरून ओरडला, "वार्पेत, चहा घेणार?" चौकशी केल्यावर कळलं की त्यांच्याकडे गवंड्यापासून गवयापर्यंत कुठल्याही कारागिराला वार्पेतच म्हणतात. ही चार दिवस हसत होती. तिला तो माझ्या मित्रांचं ऐकून "वहिनी" म्हणायला लागला होता आणि त्यात मात्र कुठलाही घोळ निघाला नाही.

त्याचं दुसरं पालुपद होतं "त्सावत तानेम". म्हणजे तुझी पीडा मी घेतो. आपल्याकडे बायका बोटं मोडून अलाबला घेतात, त्यातलाच प्रकार, पण हा उठताबसता घ्यायचा. बस ड्रायव्हरची घ्यायचा, पोस्टमनची घ्यायचा, शेजारच्या हंसाबेनच्या मांजराची घ्यायचा. सगळ्या वेम्बलीची पीडा घेणाऱ्या ह्या माणसाने माझ्या घरात मला किती दिली, ह्याचा त्याला पत्ताही नव्हता.

तो गातो हे आम्हाला पहिले काही आठवडे माहीतच नव्हतं. मी रियाजाला बसलो की जिन्यात येऊन ऐकायचा, मान हलवायचा, पण स्वतः हूं की चूं नाही. एकदा मी आग्रह केला. हातांचे तळवे माझ्यासमोर धरून म्हणाला, "रिकामे आहेत. रिकाम्या हाताचा माणूस गायला लागला की खोटं बोलतो."

मी हार्मोनियमवरचे हात काढून घेतले. मला उद्देशून म्हणाला की स्वतःबद्दल, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्याचा उलगडा एका शनिवारी झाला. मी मंडळाच्या मीटिंगहून परत आलो तर स्वयंपाकघरातून धप्प धप्प आवाज येत होता आणि त्यावर एक आवाज. आवाजाचं वर्णन मी करणार नाही. मी गाणारा माणूस आहे, दुसऱ्याच्या आवाजाचं वर्णन केलं की त्रास होतो. आत गेलो तर हा कोपरापर्यंत आमच्या परातीत. कणीक उचलतोय, आपटतोय, ताणतोय आणि गातोय. शेजारी ही पोळपाट-लाटणं घेऊन उभी, आणि तिचं लाटणं बरोब्बर त्याच्या ठेक्यावर फिरत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिचं लाटणं तालात चालू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

गाणं संपल्यावर त्याने गावाचं नाव सांगितलं. प्रत्येक गाण्याआधी नाहीतर नंतर तो गावाचं नाव सांगायचाच. हे गाव व्हान सरोवराच्या काठचं, आताच्या तुर्कस्तानातलं. त्याच्या आजीचं माहेर. तिच्या लहानपणी तिथल्या त्याच्या सगळ्या माणसांना मारलं नाहीतर हाकललं, आता तिथे त्यांचं कुणी नाही.

"गाव गेलं," तो म्हणाला, "कणीक आहे. कणीक तीच असते, वहिनी."

हिने डोळ्याला पदर लावला. माझ्या भैरवीला ती पदर लावायची त्याला किती दिवस झाले, ह्याचा मी तिथेच उभ्या उभ्या विचार करत होतो.

ह्या नियमामागची हकीकत त्याने जेवताना सांगितली. तरुणपणी तो खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्यांची गाणी टेप करायचा. म्हातारी टेपरेकॉर्डरसमोर बसवली की घसा खाकरायची, ओळी विसरायची, शाळेत कविता म्हणावी तशी म्हणायची. मग तो यंत्र कोपऱ्यात ठेवून तिची लाकडं फोडायला लागला. लोणी काढायला त्यांच्याकडे एक आडवं मडकं दोरीने टांगून हेलकावतात, ते तिच्याबरोबर हेलकावायला लागला. "की मग गाणं यायचं. तिला कळायचंही नाही ती गातेय. मी विचार केला, जे तिला कामाशिवाय येत नाही ते मला कसं येईल?" बाप त्याचा दगड घडवणारा. लग्न केलंस का विचारलं तर म्हणायचा, "बोलणी चालली होती, तेवढ्यात एका गावात एक नव्वदीची बाई आजारी असल्याचं कळलं. तिला नांगरटीची गाणी यायची. आधी तिकडे गेलो." परत येईपर्यंत मुलीचं दुसरीकडे ठरलं होतं. हे सांगताना तो स्वतःच मोठ्याने हसायचा.

त्या नांगरटीच्या गाण्यांनी माझी अब्रू घेतली. एप्रिल महिना, ऊन पडलेलं, हिला मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीसाठी वाफा हवा होता. हा म्हणाला, मी खणून देतो, त्याचं गाणं आहे माझ्याकडे. ही खूश. कुठूनतरी एक जुनं फावडं आणून त्याने त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वार्पेत, ह्या गाण्याला बैल लागतो."

मी म्हटलं, "गंमत करतोस का?"

"ओढा हो जरा," ही म्हणाली. "एवढं काय त्यात?"

मी ओढलं. पुण्यात शिकलेला, मंडळोमंडळी भैरवी गाणारा मी वेम्बलीत दोरी खांद्यावर घेऊन अंगण ओढलं. कुंपणावरून हंसाबेन डोकावली आणि म्हणाली, "अरे भाई, तमे? सवार सवारमां?" मागे तो "होऽ होऽ" करून गात होता. नंतर त्याने अर्थ सांगितला. त्या गाण्यात नांगऱ्या बैलाला भाऊ म्हणतो, त्याच्या शिंगांवरून हात फिरवतो, तू थकलास तर मीही थकेन म्हणतो. म्हणजे त्या गाण्यातली सगळी माया बैलासाठी, माझ्यासाठी होती. पण ही बघत होती नांगऱ्याकडे.

मी त्याला कधी काढून टाकलं नाही ह्याचं लोकांना आश्चर्य वाटेल. कारण काय सांगू? कारण देता आलं नसतं. भाडं वेळेवर, खोली स्वच्छ, दारू सणासुदीलाच, त्यातही पेला उचलण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने लांबलचक शुभेच्छा. माझ्या शर्टांना अशी इस्त्री करून द्यायचा की ऑफिसात लोक विचारायचे. पार्किंग विभागातल्या नोकरीने मला एक शिकवलं होतं, नकार द्यायचा तर नियम दाखवता आला पाहिजे. तो माझ्यापेक्षा चांगला गातो, हे कुठल्या नियमात बसवू?

शिवाय तो माझ्यापेक्षा चांगला गात नाही असंही माझं एक मन म्हणायचं. त्याला तान नाही, आलापी नाही, चारपाच स्वरांत सगळा संसार. माझा कान तयार आहे. कुणी सूर सोडला की मला भातात खडा लागल्यासारखं होतं, मग मी सांगतो. ही आरती म्हणताना निषाद उतरवते, मी सांगतो. शिकलेल्याने सांगायचं नाही तर कुणी सांगायचं? त्याच्या गाण्यात मी महिनोन्‌महिने असा खडा शोधत होतो. सापडला नाही, हे त्याहून वाईट.

मध्येच त्याची सीडी निघाली. ॲक्टनच्या बाजूला त्याच्या लोकांची वस्ती आहे, त्यांनी पुढाकार घेऊन एक स्टुडिओ ठरवला. हा तिथे पिठाचं पोतं, लाकडाचा ओंडका, कुऱ्हाड आणि आमची परात घेऊन गेला. रेकॉर्डिंग करणारा इंग्रज पोरगा म्हणे आधी डोक्याला हात लावून बसला. मग त्याने कुठे कुठे माइक लावले देव जाणे, पण सीडीवर कणकेची थाप गाण्याइतकीच स्वच्छ ऐकू येते. त्यातल्या एका गाण्यात माझ्या परातीचा आवाज आहे. एका मोठ्या पेपरात सीडीबद्दल चार ओळी आल्या, रेडिओवर एक गाणं लागलं. रात्री मँचेस्टरहून चिरंजिवांचा फोन. मला वाटलं, माझी चौकशी करायला केला.

"बाबा, अंकल आहे का घरी? आय हर्ड हिम ऑन द रेडिओ! मला त्याचा सीडी पाहिजे, फोर कॉपीज. माझी फ्लॅटमेट्स सगळे ऑब्सेस्ड आहेत."

"माझी कॅसेट नेली होतीस तिचं काय झालं?"

"कॅसेट? बाबा, इथे कॅसेट प्लेअर कोणाकडे नाहीये."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझं पिकलेलं पुण्यातही विकलं गेलं नाही आणि मँचेस्टरातही नाही. ह्याचं मात्र माझ्याच अंगणात पिकलं आणि माझ्याच घरात खपलं.

आता मेडनहेडची गोष्ट. तिकडच्या आयटीतल्या मंडळींनी दिवाळीच्या कार्यक्रमाला एका शाळेचा हॉल घेतला होता. समारोप माझा. निघताना ही म्हणाली, "तो बिचारा एकटा काय करणार वीकेंडला? घेऊन जाऊ या." मी गाडीत मागचं दार उघडून दिलं. काय करतो?

हॉलमध्ये सेक्रेटरीबाईंनी त्याला ओळखलं. रेडिओचा प्रताप. लगेच माझ्याकडे आल्या. "काका, तुमच्या गेस्टना एक सॉंग म्हणायला सांगा ना, प्लीज. ऑडियन्सला कायतरी डिफरंट मिळेल." 'डिफरंट' शब्दाने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी शहाण्यासारखं म्हटलं, "तुम्हीच विचारा." मला उत्तर माहीत होतं. त्याने आजूबाजूला पाहिलं, सजवलेलं स्टेज पाहिलं, पैठण्या पाहिल्या आणि नम्रपणे विचारलं, "इथे काम काय आहे?" त्या म्हणाल्या, "काम नाही हो, आज सगळे एन्जॉय करायला आलेत." तो म्हणाला, "मग नाही."

मी त्याच्यावर इतका प्रसन्न कधीच झालो नव्हतो.

आणि त्या दिवशी भैरवी लागली. गाणाऱ्याला कळतं कधी लागते ते. कोमल रिषभावर नुसता उभा राहिलो आणि हॉल गप्प झाला. मागच्या रांगेतली पोरं मोबाइल खाली ठेवून बसली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. हातातल्या पर्सशी चाळा नाही, घड्याळाकडे नजर नाही, बघत होती. आज घरी गेल्यावर ही "म्हणा ना" म्हणणार, असं मला गाता गाता वाटलं. शेवटची ओळ म्हणून हात जोडले. टाळ्या झाल्या. मैफल संपली.

संपायला हवी होती. पण शाळेचा केअरटेकर, एक उंच, वैतागलेला गोरा, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत दारात आला. हॉल वेळेत रिकामा करायचा, खुर्च्या रचून भिंतीशी लावायच्या. कार्यकर्ते धावले. आणि सगळ्यांत आधी हा. कोट काढला, बाह्या सरसावल्या, पहिली खुर्ची उचलून शेजाऱ्याच्या हातात दिली. दुसरी दिली. तिसऱ्या खुर्चीला मला ऐकू आलं, "होऽ."

त्याला काम सापडलं होतं.

गाणं पेंढ्या रचण्याचं होतं, हे मला नंतर कळलं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी "होऽ" करून पुढच्याकडे द्यायचं. दोन मिनिटांत हॉलभर साखळी झाली. सॉफ्टवेअरवाले, त्यांच्या पैठणीतल्या बायका, मंडळाचे पंचाहत्तरीचे संस्थापक, सगळे खुर्च्या पुढे देत होते आणि "होऽ" म्हणत होते. कोट घालून दारापर्यंत गेलेले परत आले. केअरटेकरच्या किल्ल्या थांबल्या, मग तोही साखळीत उभा राहिला. मी स्टेजवर हार्मोनियमचा भाता बांधत होतो. भैरवीनंतर कुणी गात नाही, हे त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार? आणि ज्यांना सांगावं लागत नाही ते सगळे त्याच्या मागे गात होते. साखळीच्या मध्यावर आमची ही होती.

शेवटची खुर्ची रचली तसं त्याने गाणं तोडलं. लोक "वन्स मोअर" ओरडायला लागले. काम संपलं, तो म्हणाला. मग आमच्या लोकांनी काय करावं? रचलेल्या खुर्च्या काढून परत मांडायला घेतल्या. परत उचलता याव्यात म्हणून! दोन रांगा मांडूनही झाल्या. तो शांतपणे बघत राहिला, मग सेक्रेटरीबाईंना म्हणाला, "झालेलं काम मोडून पुन्हा करायचं, ह्याचं गाणं माझ्याकडे नाही. तसं गाव मी पाहिलं नाही." ह्यावरही टाळ्या पडल्या. मी आयुष्यभर गाऊन मिळवल्या नसतील एवढ्या ह्याच्या न गाण्याला.

परत येताना एम फोर हायवेवर तो मागे घोरत होता. ही माझ्या शेजारी. मी वाट पाहत होतो. स्लाव आलं, गेलं. हीथ्रोची विमानं डोक्यावरून गेली. मग ती हलकेच गुणगुणायला लागली. ते पेंढ्यांचं गाणं.

"तिथे गंधार कोमल आहे," मी म्हटलं. "तू शुद्ध लावतेस."

तिने गुणगुणणं थांबवलं.

पुढच्या वर्षी त्याला फ्रान्समधून बोलावणं आलं. दक्षिणेकडे एका शहरात त्याच्या लोकांची जुनी, मोठी वस्ती आहे. तिथल्या पोरांना ही गाणी शिकवायची, कायमचं काम. त्याने होकार कळवताना विचारलेला एकच प्रश्न मला हिने सांगितला, तिथे पोरांसाठी बाग आहे का, म्हणून. जायच्या दिवशी हिने डब्यात गूळपोळ्या दिल्या. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले आणि तिची पीडा घेतली. मी गाडी सुरू करून ठेवली होती.

फ्रान्सची गाडी वॉटर्लू स्टेशनावरून सुटायची, तिकडे जाताना एजवेअर रोडवर आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो. गाड्या हलेनात. तो खिशातून रुमाल काढून माझ्या गाडीची आतली काच पुसायला लागला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. हा काच पुसतोय म्हणजे आता गाणार.

तो गायला लागला. मराठीत.

"हाक दे ना एकदा..."

माझी चाल. मित्राच्या ओळी. कॉलेजनंतर मंडळाच्या स्टेजवर मी हे गाणं कधी घेतलं नव्हतं. पोरकट वाटायचं, शिकलेल्या माणसाला शोभत नाही असं वाटायचं. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मला कळलं की सिग्नल हिरवा झालाय.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी चोरलं," तो म्हणाला. "रोज सकाळी तू दार ओढून घेतोस, बाहेर जातोस. वहिनी पिठाचा डबा काढते. आणि गाते. मी वर जिन्याच्या तोंडाशी बूट हातात घेऊन बसतो. बूट घातले तर लाकूड वाजेल, ती थांबेल. म्हणून दुकानात मला रोज उशीर."

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी तू घरी असतोस." मग जरा थांबून म्हणाला, "लंडनमध्ये ऐकलेलं हे सगळ्यांत चांगलं कणकेचं गाणं आहे. मी तिकडे मुलांना शिकवणार. गाव वेम्बली म्हणून सांगेन."

"दुसऱ्या ओळीत तू सूर उतरवलास," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"वहिनी तिथे उतरवते. कणकेत पाणी घालते ना, तेव्हा. त्सावत तानेम, वार्पेत, तुझ्यापेक्षा ते बरं आहे."

वॉटर्लूला त्याने मला मिठी मारली. मीही मारली. माणूस चांगला होता, ह्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. पण परत येताना मला रडूही येत होतं आणि त्याचा गळाही धरावासा वाटत होता. माझी बायको माझं गाणं गाते, ह्याचा आनंद मला व्हायला हवा होता. झालाही. पण ते तिच्या तोंडून ऐकलं त्याने. वर्षानुवर्षं, रोज सकाळी, बूट हातात घेऊन. मी एकदाही नाही.

हिला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती थांबली असती, एवढं मला हिच्याबद्दल नक्की माहीत आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा घेतला, दार ओढलं, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागच्या गल्लीतून परत आलो. आमच्याच अंगणात चोरासारखा शिरलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा राहिलो. हिला थंडी बाधते म्हणून आदल्याच हिवाळ्यात मी सगळ्या खिडक्यांना दुहेरी काचांचं डबल ग्लेझिंग बसवून घेतलं होतं. चांगलं, महागातलं.

ही ओट्याशी उभी होती. परात पुढ्यात, हात कणकेत. तिने पेल्यातलं पाणी घातलं. ओठ हलत होते. मान किंचित डोलत होती, लाडाने, तिला कुणी बघत नसताना डोलावी तशी. माझं गाणं होतं की त्याचं, काचेबाहेरून कळायला मार्ग नव्हता. मी आणखी जवळ सरकलो आणि काचेला कान लावला. आतून फक्त बॉयलरची घरघर ऐकू येत होती.